कोरडं फडकं

नवरा दर रविवारी गाडी धुतो ती स्वच्छतेसाठी नव्हे, पाण्याचे मणी बघण्यासाठी, असं सूनबाईचं ठाम मत होतं. गडद निळी गाडी, तिच्या रंगावर हौसेनं चढवून घेतलेला सिरॅमिक कोटिंगचा पारदर्शक थर. नळीचा फवारा पडला की पाण्याचे टपोरे गोळे व्हायचे आणि एकमेकांना ढकलत बॉनेटवरून खाली पळायचे. नवरा कमरेवर हात ठेवून बघत राहायचा. दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, 'पाच वर्षे चमक कायम'. म्हणजे पाच वर्षं हा खेळ चालणार, असं त्यानं धरलं होतं.

गेले काही आठवडे मणी मंदावलेच होते, पण त्या रविवारी पाणी पळालंच नाही. बॉनेटवर पडलं आणि ओल्या चादरीसारखं पसरून तिथंच बसलं.

नवऱ्यानं नळी दारांवर धरली. तिथंही तेच. त्यानं हातानं पाणी निपटलं, पुन्हा मारलं.

"इकडे ये," त्यानं सूनबाईला हाक मारली. "हे बघ. सव्वा वर्षात गेलं सगळं. पाच वर्षं म्हणे! साधं मेण फासलं असणार त्यानं. शनिवारी जातो आणि बघतो त्याच्याकडे. पैसे हातात पडल्याशिवाय हलणार नाही तिथून."

"आधी फोन तरी करा."

त्यानं फोन केलाच, आणि अंगणात उभं राहून असा काही आवाज चढवला की समोरच्या घराची खिडकी उघडली.

अण्णा, म्हणजे तिचे सासरे, पायरीवर बसून हे ऐकत होते. अण्णांना प्रत्येक गोष्टीवर मत असायचं. शेजाऱ्यांनी दार कुठल्या रंगानं रंगवावं इथपासून डॉक्टरांनी गोळी कधी द्यावी इथपर्यंत. गाडीच्या बाबतीत तर ते गप्प बसणं अशक्यच. सगळी नोकरी त्यांनी आगीच्या बंबावर ड्रायव्हर म्हणून काढलेली. गल्लीत त्यांचं नावच 'बंबवाले अण्णा' पडलं होतं. पण त्या दिवशी ते हूं की चूं न करता उठले आणि घरात निघून गेले. सूनबाईच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

बापलेकांचं तसंही फारसं बरं नव्हतं. वर्ष व्हायला आलं होतं, अण्णा एकदा न्हाणीघरात कोसळले होते. शुद्ध लगेच आली, पण कशामुळे गेली ते डॉक्टरांना नेमकं सांगता येईना. तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. मात्र डॉक्टरांनी बजावलं, आता गाडी चालवायची नाही. मुलानं घरी आल्या आल्या किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "आजपासून गाडीला हात लावायचा नाही." म्हणणं बरोबर होतं, सूर चुकला. आयुष्यभर सायरन वाजवत, लाल दिवे ओलांडत धावलेल्या माणसाला त्यानं लहान मुलासारखं दटावलं, तेही शेजारी बघायला आले असताना. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलायचे ते सूनबाईच्या मार्फत. "त्याला म्हणावं, वर्तमानपत्र दे." "त्यांना विचार, गोळी घेतली का." दोघंही त्याच खोलीत.

मंगळवारी सूनबाईच्या दुकानाला सुट्टी असायची. नवरा कंपनीच्या बसनं कामाला गेला, तशी तिनं किल्ली घेतली. शनिवारचा तमाशा व्हायच्या आत आपण जाऊन यावं, असा तिचा विचार होता. कोटिंगवाला तिच्या ओळखीचा होता. त्याचा चष्मा तिच्याच दुकानातला. खरं तर तिच्याच हातचा, कारण मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हेच तिचं काम. माणूस चेहऱ्यावरून तरी लबाड वाटत नव्हता.

"कुठं निघालीस?" अण्णांनी दारातून विचारलं.

"कोटिंगवाल्याकडे. दाखवून आणते."

"शनिवारी जायचं होतं ना?" त्यांचा हात उगाचच खिशाकडे गेला. "मी येऊ?"

"नको. तासाभरात आलेच."

गाडी मागे घेताना तिला नेहमीच घाम फुटायचा. ती उशिरा शिकलेली, आरशात काही दिसलं की आधी ब्रेक मारणारी. एरवी अण्णा फाटकापाशी उभे राहून "घे, घे, अजून घे, बास" म्हणायचे. त्या दिवशी ते आत निघून गेले.

कोटिंगवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट शेड, आत पांढरे दिवे आणि रबराचा नि औषधासारखा वास. तिला बघताच तो हात पुसत पुढे आला. चेहरा उतरलेला होता.

"ताई, साहेब फार बोलले हो परवा. मी एक शब्द उलट बोललो नाही. पण इंटरनेटवर लिहितो म्हणाले. नवीन धंदा आहे माझा."

"म्हणूनच आले. आधी काय झालंय ते मला सांगा."

त्यानं गाडी आत घेतली. एक स्टूल ओढलं, त्यावर चढून टपावर पाणी मारलं. टपावर मणीच मणी झाले आणि तुरुतुरु काठाकडे पळाले.

"बघा. हेसुद्धा तेच कोटिंग, त्याच दिवशीचं, त्याच बाटलीतलं. मेण असतं तर केव्हाच गेलं असतं." मग त्यानं फवारा हळूहळू खाली आणला. टपाच्या कडेपासून वीतभर आत एक रेघ होती. तिच्यापलीकडे पाणी पळत होतं, अलीकडे पसरत होतं. "इथपर्यंत कुणाचा तरी हात पोचतो. त्याच्या पलीकडे पोचत नाही."

त्यानं दिवे मालवले आणि हातातला छोटा दिवा दारावर तिरका धरला. निळ्या रंगावर बारीक बारीक ओरखड्यांची वर्तुळं उमटली, कोळ्याच्या जाळ्यासारखी.

"धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं," तो म्हणाला. "रोज. दाबून."

सूनबाईला पुढं ऐकायची गरजच नव्हती. दिवसातून दहा जणांना तीच सांगायची, चष्मा शर्टाच्या टोकानं पुसू नका, आधी पाणी, मग मऊ कापड. लोक माना हलवायचे आणि तिच्यासमोरच शर्टाचं टोक बाहेर काढायचे. असल्या वर्तुळांच्या काचा तिनं ढिगानं बदलल्या होत्या.

"पण मग पाच वर्षं टिकतं ते कसं?"

कोटिंगवाला ओशाळला. "बाटलीवर पाच लिहिलंय म्हणून पाटीवर पाच. सावलीत उभी राहणारी, नीट धुतलेली गाडी असेल तर चार वर्षंसुद्धा जातात. उन्हातली, ब्रशच्या मशीनमध्ये घातलेली असेल तर दीड, फार तर दोन. ते काही चिलखत नाही, ताई. पापुद्रा आहे, केसाहूनही कितीतरी बारीक. घाण चिकटू देत नाही, एवढंच त्याचं काम. घासत राहिलं तर तो तरी काय करणार?"

तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. अण्णाच. दुसरं कोण? बंबावर सकाळी पहिलं काम पुसण्याचं, हे ते शंभरदा सांगायचे. गाडीला हात लावायचा नाही म्हटल्यावर बिचारे लपून लपून पुसत असतील. आता हे नवऱ्याला कसं सांगायचं? कोटिंग अण्णांनी घालवलं म्हटल्यावर घरात आगडोंब उसळणार. आणि नाही सांगितलं तर या भल्या माणसाच्या धंद्याची माती.

"आणखी एक," कोटिंगवाला चाकापाशी उकिडवा बसत म्हणाला. "गाडी रविवारीच बाहेर निघते ना? साहेब तसं म्हणाले होते."

"हो. जवळपासच. का?"

"चाकांच्या वर डांबराचे ठिपके उडालेत. ताजे. नखानं निघतायत, बघा. आणि पुढच्या बाजूला खडीनं उडालेले टवके. ही गाडी रोज कुठल्या तरी काम चालू असलेल्या रस्त्यावर जाते."

सूनबाई खाली वाकून बघत राहिली. घराजवळ कुठंच डांबर पडत नव्हतं. डांबर पडत होतं ते गावाबाहेर, तळ्याकडच्या रस्त्यावर. बसमधून येताना नवरा रोज त्यावरून कुरकुरायचा. तिनं एक ठिपका नखानं काढून बघितला.

अण्णा गाडी नुसती पुसत नव्हते. आधी चालवत होते, आणि धूळ दिसू नये म्हणून मग पुसत होते.

"शनिवारी साहेबांना हे सांगू नका," ती कशीबशी म्हणाली. "डांबराचं."

कोटिंगवाला उठून उभा राहिला. "विचारलं नाही तर सांगणार नाही. पण पाणी का पळत नाही ते विचारणारच ना ते? तिथं खोटं कसं बोलू? माझ्यावरच येतं सगळं."

"तोवर मीच सांगते," ती म्हणाली. कसं, ते तिलाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी तिच्याच्यानं काही बोलवलं नाही. अण्णांनी विचारलं, "काय म्हणाला तो?" ती म्हणाली, "शनिवारी बघू म्हणाला." दोघांनीही एकमेकांची नजर चुकवली. तिनं गुपचूप कपाट उघडून बघितलं. नवऱ्यानं तिथं लपवलेली गाडीची दुसरी किल्ली जागेवर नव्हती. तेव्हाच ओरडायला हवं होतं, हे तिला नंतर फार लागलं. पण तेव्हा वाटलं, उद्या एकदा खात्री करावी, मग बोलावं. खात्री कसली करायची होती! तिला फक्त एक दिवस ढकलायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. न्हाणीघरात असतील. पुन्हा लावला. फाटकापाशी गप्पा मारत असतील. समोर यंत्रावर काच फिरत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे तळ्याकडचा रस्ता. बाहेरून रुग्णवाहिकेचा आवाज आला तशी ती उठून दारापर्यंत जाऊन आली. एका म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्यात तिनं डावी काच उजवीकडे बसवली. मालकीणबाईंच्या ते लक्षात आलं.

"बरं नाही का गं?"

"घरी जरा काम आहे. जाऊ का?"

"जा बाई. नाहीतर आज सगळं गाव तिरळं करशील."

ती जवळजवळ धावतच घरी आली. फाटक उघडं, अंगण रिकामं. गाडी उभी असायची तिथं तेलाचा एक डाग तेवढा होता. ती पायरीवर बसली, उठली, रस्त्यापर्यंत गेली, परत आली. नवऱ्याला फोन करावा? काय सांगावं? पोलिसांना करावा? बोट आकड्यावर ठेवायचं आणि उचलायचं. एखादी गाडी वळली की मान ताठ व्हायची. ते न्हाणीघरातलं पडणं तिला आठवत होतं. तिनंच दार ढकललं होतं. पाणी वाहत होतं आणि अण्णा उघड्या डोळ्यांनी फरशीवर.

गाडी आली. वळणावर आवाजसुद्धा झाला नाही. अण्णांनी एका दमात मागे घेऊन ती नेमक्या जागी लावली, भिंतीला घासता घासता राहील इतकी जवळ आणि तरीही सरळ. उतरले, खिशातून पिवळं फडकं काढलं आणि दार पुसायला सुरुवात केली. दोन हात मारल्यावर त्यांना पायरीवरची सूनबाई दिसली.

फडकं हातातच राहिलं.

"लवकर आलीस आज."

"किल्ली द्या, अण्णा."

"आता लावलीच आहे गाडी. ऐक—"

"किल्ली द्या म्हणते ना!" तिचा आवाज फाटला. असा आवाज तिनं त्यांच्यापुढे कधी काढला नव्हता. "कुणाच्या अंगावर घातलीत म्हणजे? स्वतःला काही करून घेतलंत म्हणजे? मी काय तोंड दाखवू त्यांना?"

अण्णांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "त्या एका दिवशी पडलो. एकदाच. त्यानंतर काही झालंय? तुम्ही सगळे मला काचेचा समजता. तळ्यापर्यंत जातो, पाच मिनिटं बसतो, परत येतो. कुणाला धक्का नाही, काही नाही. तू एकदा माझ्याबरोबर बस. तुला चूक दिसली तर किल्ली तुझी, जन्मात मागणार नाही."

"आणि नाही बसले तर?"

"तर उद्या परत जाईन," अण्णा म्हणाले. त्यात धमकी नव्हती. जे होणार ते सांगत होते.

तिनं नाही म्हणायला हवं होतं, हातातून किल्ली हिसकावून घ्यायला हवी होती. पण सासऱ्यांशी झोंबाझोंबी करायची म्हणजे काय करायचं, हेच तिला कळेना. त्यात, खरं सांगायचं तर, तिलाही वाटत होतं की अण्णा म्हणतात तसं असावं. काही झालेलं नसावं. ती शेजारी बसली, पट्टा लावला आणि डाव्या हातानं दाराची मूठ घट्ट धरली.

अण्णा सुरेख चालवत होते. गियर कधी बदलला ते कळत नव्हतं. चौकात एक मोटारसायकल आडवी घुसली, तर त्यांनी ती दिसायच्या आधीच वेग कमी केला होता. गावाबाहेर पडल्यावर सूनबाईची मूठ सैल झाली. अण्णांचा चेहराच बदलला होता. घरात पायरीवर बसणारा माणूस हा नव्हेच. ते बोलायलाही लागले होते, रंगात येऊन.

"लोकांना वाटतं, बंब म्हणजे नुसता वेग. वेग कसला? टाकी भरलेली असते. वळणावर आतलं पाणी—"

रस्त्याचं काम सुरू होतं. एका बाजूला काळंभोर ताजं डांबर, कडेला खडीचे ढीग, आणि पुढं लाल झेंडी धरून एक माणूस उभा.

अण्णांचं वाक्य पुरं झालं नाही. सूनबाईला वाटलं, समोर बघून थांबले असतील. पण गाडीचा वेग कमी होईना. ती हळूहळू कडेला झुकायला लागली. तिनं वळून बघितलं. अण्णांचे डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, ओठ किंचित हलत होते. पण बघत कुणीच नव्हतं.

"अण्णा!"

झेंडीवाला आधी झेंडी हलवत राहिला. मग त्याला कळलं, आणि झेंडी टाकून तो बाजूला झेपावला. सूनबाईनं एका हातानं स्टिअरिंग ओढलं, दुसऱ्यानं हँडब्रेक. गाडी तिरकी झाली, खरडली, आणि खडीच्या ढिगात नाक खुपसून बंद पडली.

धूळ खाली बसली नव्हती, तेवढ्यात अण्णा बोलले.

"—बाहेरच्या बाजूला ओढतं. म्हणून वेग आधीच कमी करायचा." मग त्यांनी समोर बघितलं. "गाडी का थांबवलीस?"

सूनबाईनं खिडकीची काच खाली केली. झेंडीवाला खिडकीपाशी येऊन शिव्यांची लाखोली वाहत होता. "म्हातारा झोपला होता का? मेलो असतो मी!" ती त्याला हात जोडत होती. अण्णा एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. कुठल्या तरी दुसऱ्याच माणसाबद्दल बोलणं चाललंय असा त्यांचा चेहरा होता.

"मला काही झालं का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुम्ही नव्हता, अण्णा. बोलता बोलता थांबलात. मी ओरडले, तरी तुम्हाला ऐकू गेलं नाही."

ते खाली उतरले. खडीतला बंपर बघितला. निळा रंग उडून आतलं काळं प्लॅस्टिक दिसत होतं. पडलेली लाल झेंडी त्यांनी उचलली, झटकली आणि झेंडीवाल्याच्या हातात दिली. "चुकलं माझं," म्हणाले.  तो माणूसही मग निवला. पुटपुटत बाजूला झाला.

"मागच्या आठवड्यात," अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले, "तळ्यापाशी पोचलो आणि वळण घेतलेलं आठवेना. म्हटलं, सवयीनं घेतलं असेल." बंपरवरची खडी झटकत म्हणाले, "त्याच्याही आधी एकदा."

"मग तरीही गेलात?"

"कुणाला सांगणार होतो? सांगितलं असतं तर घरातसुद्धा एकटं सोडलं नसतं तुम्ही."

त्यांनी किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. ती कशी चालवत घरी आली ते तिचं तिला ठाऊक. सगळा रस्ता पहिल्या नाहीतर दुसऱ्या गियरमध्ये. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. अण्णांनी एकदाही "घे, घे" म्हटलं नाही.

घरी आल्यावर ते म्हणाले, "त्याला सांगू नकोस. आता चालवणार नाही म्हटलं ना."

"सांगायचं, अण्णा. आजच. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. तो कोटिंगवाला विनाकारण मरतोय तिकडे. आणि डॉक्टरांना कळायला नको?"

नवरा संध्याकाळी आला आणि आधी त्याला दिसला तो बंपर. "हे कुणी केलं?" त्यानं अंगणातूनच विचारलं. सूनबाई तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा बाहेर आले. लेकाशी थेट बोलायची सवय सुटलेली, त्यामुळे सुरुवात जमेना. सूनबाईकडे बघून "त्याला म्हणावं..." असं म्हणून थांबले. मग सगळं सांगितलं. किल्लीपासून खडीच्या ढिगापर्यंत, आणि ती न आठवणारी वळणंसुद्धा.

सूनबाईला वाटलं, आता हा फुटणार. नवऱ्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. तो पायरीवर बसला.

"किल्ली कुठं सापडली तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"कपाटात. तुझ्या मोज्यांच्या खणात. लहानपणापासून तू सगळं तिथंच लपवतोस."

नवऱ्याच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते कळेना. मग तो एकदम ओरडला, "मेला असतात ना!" आणि ओरडून झाल्यावर तसाच बसून राहिला. अण्णा त्याच्याशेजारी बसले. सूनबाई आत निघून गेली. दोघांचं बोलणं तिच्याशिवाय व्हायला हवं होतं. काय झालं ते तिनं पुढंही विचारलं नाही.

डॉक्टरांनी या वेळी सगळं नीट ऐकून घेतलं. मेंदूत अधूनमधून क्षणभर गोंधळ होतो, म्हणाले, फिट येण्याचाच एक प्रकार. माणूस पडत नाही, नुसता हरवतो. गोळ्या सुरू झाल्या. कमी होईल म्हणाले, थांबेलच असं म्हणाले नाहीत. गाडीचं नाव अण्णांनी काढलं नाही.

शनिवारी तिघंही कोटिंगवाल्याकडे गेले. त्यानं लांबूनच नवऱ्याला बघितलं आणि हातातलं यंत्र खाली ठेवून उभा राहिला, मार खायची तयारी केल्यासारखा.

"त्या दिवशी जास्त बोललो," नवरा म्हणाला. माफी मागणं त्याला कधी धड जमलं नव्हतं. तो भिंतीकडे बघत बोलत होता. "चूक आमच्याकडची होती."

"माझी," अण्णा म्हणाले, आणि खिशातून पिवळं फडकं काढून समोर धरलं.

कोटिंगवाल्यानं ते हातात घेऊन चुरगळून बघितलं. "काका, यानं तर भांडीसुद्धा घासून निघतील."

"आम्ही बंब यानंच पुसायचो."

"बंबाचा रंग केवढा जाड! आणि हल्लीचा रंग बघा, फुंकर मारली तर जाईल." मग तो नवऱ्याकडे वळला. "दारं, बॉनेट पॉलिश करून ओरखडे काढावे लागतील, मगच नवा थर. टपाला हात लावायची गरज नाही. बंपर रंगवायला लागेल, आणि रंग पुरता वाळल्याशिवाय त्यावर कोटिंग करता येणार नाही. महिनाभर तरी थांबा."

"आणि मग किती टिकेल?" नवऱ्यानं सवयीनं विचारलं.

कोटिंगवाल्यानं एकदा पाटीकडे बघितलं. "दोन वर्षं म्हणा. नीट ठेवलीत तर जास्त. लिहून मात्र देणार नाही."

"दोन बास," नवरा म्हणाला.

परतताना सूनबाई चालवत होती. हल्ली तीच चालवते. नवरा म्हणतो, सराव व्हायला हवा, पण खरं कारण असं की त्याला मागं अण्णांजवळ बसायचं असतं. त्या दिवशी चौकात दिवा लाल झाला आणि मागचं बोलणं थांबलं. सूनबाईनं झटकन आरशात बघितलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते, डोळे उघडे, ओठ मिटलेले. तिचा पाय ब्रेकवर आणखी दाबला गेला.

"अण्णा?"

उत्तर नाही. नवऱ्यानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"अण्णा!"

"अरे, आहे, आहे," अण्णा वैतागून म्हणाले. "माणसानं जरा गप्प बसायचं नाही का? दिवा हिरवा झालाय, सूनबाई. घे."